मार्लिसच्या शब्दाचं वजन

टाकी पाऊण भरलेली असताना

मार्लिसनं गाडी पेट्रोल पंपावर घेतली. रेनेनं काट्याकडे पाहिलं, मग मार्लिसकडे.

"भरून घेते गं. अधिवेशनाच्या गावात सगळंच महाग."

पण नळी तिनं हातात धरलीच नाही. वाजणारा फोन कानाला लावला आणि गाडीकडे पाठ करून, टायरमध्ये हवा भरायच्या यंत्रापाशी चिखलात जाऊन उभी राहिली. मार्चचे दिवस. कडेचा बर्फ वितळून काळा पडलेला. वरून क्रौंच पक्ष्यांची एक लांब रांग प्लॅट नदीकडे ओरडत चाललेली. मार्लिस एका हातानं हवेत काहीतरी समजावून सांगत होती, तेही हळू आवाजात. मार्लिसचा आवाज म्हणजे उन्हाळी शिबिरातली सगळी पोरं भोंग्याशिवाय गप्प करणारा आवाज. वीस वर्षांच्या मैत्रीत तो असा खाली आलेला रेनेनं ऐकला नव्हता. आत्ताही ऐकत नव्हतीच. फक्त बघत होती.

मार्लिस आली. बूट आपटून चिखल झाडला. पट्टा लावला.

"कोण होतं?"

"कोणी नाही गं. तो झोक्यांखाली घालायचा रबरी भुसा विकणारा. पिच्छाच सोडत नाही मेला."

रबरी भुसा विकणाऱ्याशी मार्लिस पाठ करून बोलत नाही. त्याला ती शिव्या घालते आणि गाडीतल्या सगळ्यांना त्या ऐकवते.

रेने खिडकीबाहेर बघू लागली.


ज्यांना माहीत होतं ते दोघं

रेने कुबिचेक ही डोब्रा गावाच्या पार्क आणि करमणूक विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे ती स्वतः, एक मुकादम, चार बागा, आणि एक तरणतलाव, जो दर वसंतात नव्यानं गळायला लागतो. शेजारच्या ओल्डनबर्गचा असाच विभाग मार्लिस ओल्टमन्सकडे. दोघी एकमेकींना लाइफगार्ड उसने देतात, सिनेमाचा फुगवायचा पडदा देतात, झाडाचे बुंधे काढायचं यंत्र देतात. राज्यातल्या पार्कवाल्यांच्या संघटनेत त्या नव्या होत्या तेव्हा शेजारी शेजारी बसल्या होत्या, त्या अजून तशाच बसतात. दर अधिवेशनाला एकाच गाडीतून येतात.

एल्म फोर्ड या लांबच्या, मोठ्या गावच्या पार्क विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि रेनेनं गुपचूप अर्ज केला.

कारण लाइल. लाइल म्हणजे रेनेचा नवरा. त्याची मूत्रपिंडं गेली आहेत आणि डायलिसिसचं केंद्र एल्म फोर्डला आहे. आठवड्यातून तीन दिवस तो लांबचा रस्ता. जानेवारीत परत येताना गाडी बर्फावरून घसरून मक्याच्या शेताकडेच्या चरात गेली. दोघं तिथे बसून होती, ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत. लाइल म्हणाला, "रेने, मी त्या मशीनवर नाही मरणार. या रस्त्यावर मरणार." विनोद करतो तसं म्हणाला. हसला मात्र नाही.

तेव्हा नोकरी म्हणजे नोकरी नव्हतीच. रस्ता संपणं होतं.

गुपचूप का, तर डॅरिल प्रिबिलमुळे. प्रिबिल डोब्राचा नगर-व्यवस्थापक, म्हणजे रेनेचा वरचा साहेब. गावच्या ग्रंथपालबाईनं दुसरीकडे अर्ज केल्याचं त्याला कळलं, तेव्हा त्यानं तिला काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या जागेची जाहिरात दिली. तिला दुसरीकडची नोकरी मिळाली नाही, आणि ही पण राहिली नाही. आता ती किराणा दुकानात पाव लावते आणि प्रिबिलला "आज ताजा नाही" असं सांगते, हे रेनेला माहीत होतं. गंमतीची गोष्ट. स्वतःवर आली तर नाही.

शेवटच्या फेरीतली नावं जाहीर होईपर्यंत एल्म फोर्डवाले कुणाचं नाव फोडत नाहीत. मुलाखत झाली होती. निकाल यायचा होता. अर्जाचं रेनेनं दोघांनाच सांगितलं होतं. एक लाइल, तो कुत्र्याशिवाय कुणाशी फारसा बोलत नाही.

दुसरी मार्लिस.


म्हणाले, आणि ऐकू आलं

हॉटेलच्या दाराशी नावाचे बिल्ले वाटत होते. निम्मी गर्दी क्रौंच बघायला आलेल्यांची, गळ्यात दुर्बिणी. निम्मी पार्कवाल्यांची, गळ्यात बिल्ले.

नोंदणीच्या टेबलावरची बाई म्हणाली: "रेने! तू आलीस! मला वाटलं, यंदा तू गडबडीत असशील."
रेनेला ऐकू आलं: सामान बांधायच्या गडबडीत.

गोल्फ मैदानं सांभाळणारा एक जण म्हणाला: "काय मग, नवीन काय?"
ऐकू आलं: मला माहितेय नवीन काय ते.

पश्चिमेकडच्या गावातले दोघं तिला बघून एकमेकांच्या बरगडीत कोपर मारत म्हणाले: "कुबिचेकबाई, तुमच्याकडे झोके बरे आहेत ना सगळे?" आणि हसत सुटले.
ऐकू आलं: काहीच नीट ऐकू आलं नाही. पण हसणं ऐकू आलं.

खाली प्रदर्शनात घसरगुंड्या विकणाऱ्या कंपनीचा पोरगेला माणूस म्हणाला: "एल्म फोर्डला नवीन मोठं मैदान होणार आहे म्हणे. तुम्हाला आमचं पुस्तक देऊन ठेवू का?"
रेनेनं विचारलं, "मला का?"
तो म्हणाला: "सगळ्यांनाच देतोय, मॅडम."
ऐकू आलं: सगळ्यांनाच माहितेय, मॅडम.

पुढचा माणूस काहीच बोलला नाही. तो कॉफीच्या रांगेत उभा होता, आणि संघटनेच्या अधिवेशनाला आयुष्यात कधी आला नव्हता. डॅरिल प्रिबिल.

"तुम्ही?" रेनेनं हातातल्या कपावर झाकण दाबलं.

"दर वर्षी बोलावतात ना आम्हाला. फुकट जेवण." प्रिबिलनं साखरेच्या दोन पुड्या फोडल्या. "म्हटलं, आमच्या रेनेबाई इथे काय करतात ते एकदा बघावं तरी."


रेने या संघटनेत काय करत होती, तर

ती आधार समितीची प्रमुख होती. कुठल्या गावाच्या तलावात पोर बुडालं, कुठल्या नगरसभेनं विभागप्रमुखाला भर बैठकीत फाडून खाल्लं, कुठे कुणाचा हात गवत कापायच्या यंत्रात गेला, की त्या गावच्या माणसाला पहिला फोन रेनेचा जायचा. "काही बोलू नकोस. जेवलास का?" एवढंच ती विचारायची. मग चार गावांचे चार प्रमुख आपापली कामं टाकून त्याच्याकडे जायचे, तलाव चालवायचे, नगरसभेत त्याच्या मागच्या खुर्च्यांवर नुसते बसून राहायचे. गेली कित्येक वर्षं माणसं तिला सगळं सांगत आली होती. कुणाची दारू, कुणाचं लग्न, कुणाचा खोटा दाखला. अर्धं राज्य तिच्या पोटात होतं. एक अक्षर कधी बाहेर आलं नव्हतं.

म्हणून गुपित कसं फुटतं हे तिला पक्कं माहीत होतं. ते नेहमी सगळ्यात जवळच्या माणसाकडूनच फुटतं, आणि सांगणाऱ्याला वाटतं, आपण फक्त एकालाच सांगितलं.

मार्लिस तिकडे नवीन आलेल्या दोन मुलींना गवताच्या बियांचे नमुने खिशात कसे कोंबायचे ते शिकवत होती. मध्येच तिनं वर बघितलं, रेनेला हात केला. रेनेनंही केला. उशिरानं.


बाकावर

वेंडेल स्ट्राटमन बसला होता. प्रदर्शनात विकायला ठेवलेला बाक, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. वेंडेल निवृत्त झालेला, पण राज्यात कुठल्याही गावाला प्रमुख नेमायचा असला की आधी त्याला फोन जातो. तो चार जणांशी बोलतो आणि मत कळवतो.

"बस. विकत घेऊ नकोस, पण बस. पाठीला बरा आहे."

रेने बसली.

"एक विचारतो. आपल्या दोघांत राहू दे."

"माझ्यापाशी सगळं राहतंच, वेंडेल."

"म्हणून तर तुला विचारतोय." त्यानं घसा साफ केला. "मार्लिसच्या शब्दाला किती वजन द्यायचं?"

रेनेनं कॉफीकडे पाहिलं. "कशासाठी?"

"ते मी सांगू शकत नाही. एका गावाला हवंय. तू तिला सगळ्यांत जास्त ओळखतेस."

एका गावाला. मार्चमध्ये राज्यात एकच गाव माणूस शोधत होतं. रेनेच्या डोक्यात सगळं जागच्या जागी येऊन बसलं: पाऊण भरलेली टाकी, चिखलात पाठ करून उभी मार्लिस, हळू आवाज. ती पण अर्ज करून बसली आहे. माझ्याकडून सगळं काढून घेतलं, पगार किती, प्रश्न काय विचारले, कोण कोण मुलाखतीला होतं. आणि तिच्या घरी कुणाला डायलिसिस नाही. तिला नुसतं मोठं गाव हवंय.

या धंद्यात कुणी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. उद्या त्याच्याकडूनच लाइफगार्ड मागायची वेळ येते. म्हणून एक रीत पडलेली आहे. माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आणि थांबायचं. 'कल्पक आहे' म्हणून थांबलं, की हिशेब ठेवत नाही. 'मुलांना फार आवडतो' म्हणून थांबलं, की मोठ्यांशी पटत नाही. ऐकणाऱ्याला थांबणं ऐकू येतं.

"मार्लिस मनानं फार चांगली आहे," रेने म्हणाली.

आणि थांबली.

वेंडेलनं वाट पाहिली. शेजारी कुणीतरी कारंज्याचा नमुना चालू केला, बंद केला.

"बरं," वेंडेल म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण रेनेच्या तोंडून आणखी एक निघालं. "फक्त... एखादी गोष्ट तिला सांगितली, तर ती तिच्यापाशीच राहील असं... जाऊ दे. तुम्ही विचारलंत म्हणून."

"समजलं," वेंडेल म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला.


दुपारच्या जेवणाला

मोठ्या दालनात गोल टेबलं होती. प्रिबिल रेनेच्या टेबलावर येऊन बसला, विचारल्याशिवाय. रेनेच्या दुसऱ्या बाजूला मार्लिस. ताटात कोंबडी, बटाट्याचा लगदा, फरसबी.

"तू जेवत का नाहीस?" मार्लिस कानाशी येऊन म्हणाली. "सकाळपासून तोंड वाकडं. लाइल बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग?"

"काही नाही म्हटलं ना."

मार्लिसनं पाव मोडला.

दर वर्षी या जेवणात एक खेळ असतो. वर्षभरात आपापल्या बागेत, मैदानात, तलावात जे काही विचित्र सापडलं त्याचे फोटो लोक पाठवतात, आणि ते पडद्यावर दाखवतात. ज्यावर सगळ्यांत जास्त हसू येईल त्याला एक जुनं, गंजलेलं फावडं मिळतं. यंदा सगळ्यात आधी आली एक बकरी, घसरगुंडीच्या टोकावर. मग तलावाच्या तळाशी सापडलेली कवळी. मग बेसबॉलच्या मैदानात मधोमध कुणीतरी लावलेला कोबी, ओळीनं. लोक टेबलं बडवत होते.

मग एक झोका आला.

त्यात विचित्र काही दिसेना. साधा झोका. त्याच्या साखळ्या वरच्या दांडीला गुंडाळून घट्ट बांधलेल्या, कुणी बसू नये म्हणून. कामाचा हात होता तो. गाठ बघूनच कळत होतं. साखळीला नारिंगी पाटी लटकवलेली.

"हा आमच्या एल्म फोर्डचा झोका," सूत्रसंचालक म्हणाला. तो एल्म फोर्डच्याच मैदानांवर देखरेख करायचा. "एक दिवस आमची माणसं जातात तर झोका बंद. कडी झिजून अर्धी झालेली, बंद करायलाच हवा होता, चूक आमची. पण बंद केला कोणी? आमच्यापैकी कोणीच नाही. मग पाटी वाचली."

फोटो मोठा झाला. पाटीवर छापलेलं होतं: वापरू नका. डोब्रा पार्क विभाग.

दालनात हशा फुटला. पश्चिमेकडचे ते दोघं उभे राहून शिट्ट्या मारू लागले. "कुबिचेकबाई, आमच्याकडेही या! आमच्याकडे तर सगळंच झिजलंय!"

रेनेला आठवलं. मुलाखत संपवून ती नगरभवनाच्या बाहेर आली होती, गाडीपर्यंत जायला बागेतून वाट होती. चांगले कपडे, टाचांचे बूट. झोक्यावर एक लहान मुलगी होती. रेनेनं कडीकडे पाहिलं आणि मुलीच्या आईला म्हणाली, उतरवा तिला. पुढचं तिच्या हातांनी केलं होतं. गाडीतून पाना काढला, वर चढली, साखळ्या गुंडाळल्या, डिकीत नेहमीच असतात त्यातली एक पाटी वार लिहून लावली, हात पुसले, घरी गेली. आपण काही केलं असं तिला वाटलंसुद्धा नव्हतं. लाइलला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

"तीन आठवडे आमच्या मुकादम मंडळींच्या फोनवर फिरतोय हा फोटो," सूत्रसंचालक म्हणाला. "आम्ही सगळेच विचार करतोय, कुबिचेकबाईंना आमच्या गावात काय काम होतं?"

पुन्हा हशा.

म्हणजे मार्लिस नव्हती. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. रेनेनंच आपलं नाव छापून, नगरभवनाच्या दारासमोर, टांगून ठेवलं होतं.

प्रिबिलही हसला होता. सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या होत्या. मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "लाइलला घेऊन गेली असशील, नाही का?"

"हो," रेने म्हणाली. "लाइलला घेऊन."

"पाटीच्या कोपऱ्यात हातानं वार लिहिलाय बघ. गुरुवार." प्रिबिल पडद्याकडे बघत होता. "लाइलचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझी बायको चर्चतर्फे त्याला डबा पोचवते ना त्या तिन्ही दिवशी. म्हणून लक्षात."

रेनेनं पाटीवरचं आपलंच अक्षर वाचलं.

"सोमवारी ये माझ्याकडे. लाइलला सोडून आलीस की ये," प्रिबिल म्हणाला आणि फरसबीकडे वळला. "बोलू आपण."


बाहेर, कोट ठेवायच्या खोलीपाशी

"अगं बये," मार्लिस म्हणाली. हसताना तिचे डोळे भरून आले होते. "स्वतःची पाटी? मुलाखतीला जाऊन स्वतःच्या गावची पाटी लावून आलीस? कोरी पाटी नव्हती का एखादी?"

"मार्लिस, थांब."

"चोर घरात शिरतो आणि जाताना खिडकी दुरुस्त करून जातो, खाली आपला पत्ता..."

"मार्लिस, पंपावर कोणाचा फोन होता?"

मार्लिसचं हसू हळूहळू उतरलं. तिनं आजूबाजूला पाहिलं. "सांगू नका म्हणाले होते. पण आता काय लपायचंय? एल्म फोर्डचा. तुझ्याबद्दल विचारत होते. तू अर्जात माझं नाव दिलंयस ना संदर्भाला. शेवटची फेरी ठरायच्या आधीच विचारतात म्हणे हे लोक."

"आणि?"

"आणि काय! सांगितलं सगळं. आमच्या तलावात ती दोन पोरं बुडाली होती त्या वर्षी तू आमच्याकडे येऊन कशी राहिलीस ते सांगितलं. म्हटलं, या बाईच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही आणि तिच्या तोंडून कोणाचं वाईट निघत नाही. म्हणाले, ठीक आहे, पण तुमच्या शब्दाला किती वजन द्यायचं तेही आम्ही कोणाकडून तरी तपासून घेणार. म्हटलं, घ्या खुशाल. ज्याला विचारायचं त्याला विचारा."

रेनेनं रांगेतून आपला कोट ओढून काढला. सगळे कोट हलले.

"काय झालं?"

"काही नाही. वेंडेल कुठे दिसला का तुला?"


वेंडेल सापडला तो

गाड्यांच्या आवारात. त्याच्या ट्रकचं दार उघडं होतं.

"वेंडेल, सकाळी मी बोलले ते खोटं होतं."

वेंडेलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "कुठलं?"

"मार्लिसचं. तिच्या शब्दावर डोळे मिटून चाला. तिच्यापाशी गोष्ट राहते. माझी राहिली."

"मी तासाभरापूर्वीच कळवलं त्यांना."

"मग परत कळवा."

"काय कळवू?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. "जिनं सकाळी एक सांगितलं तीच दुपारी उलट सांगतेय. मध्ये एक जेवण झालं आणि एक फोटो दाखवला. उमेदवार कोण ते मला कोणी सांगितलं नव्हतं, रेने. पण डोळे आहेत मला."

"हो. मीच आहे."

"म्हणजे मार्लिसचा शब्द वर गेला की तुझा फायदा."

"हो."

"मग आता तुझ्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवू? सकाळच्या की आत्ताच्या?"

दुरून क्रौंचांचा गलका येत होता. रेने म्हणाली, "ठेवू नका. जे झालं ते तसंच सांगा त्यांना. मला वाटलं ती माझ्या जागेवर टपलीय, म्हणून मी तिच्या नावाला काळं फासलं. असंच सांगा."

"असं सांगितलं तर तुझं काही खरं नाही."

"नाही सांगितलं तर तिचं नाव त्या गावात तसंच राहील. उद्या दुसऱ्या गावात जाईल. तुम्हीच न्याल."

वेंडेलनं खिशातून किल्ली काढली. मग ट्रकमध्ये चढला, काच खाली केली.

"तू मनानं चांगली आहेस, रेने," तो म्हणाला.

आणि थांबला.


परतीच्या रस्त्यावर

ऊन तिरपं होतं आणि मक्याच्या कापलेल्या शेतांतून पक्षी दाणे टिपत होते. रेनेनं सगळं सांगितलं. बाक, थांबणं, 'जाऊ दे' म्हणणं, वेंडेलचा ट्रक.

"मला वाटलं तू अर्ज केलायस," रेने पुन्हा म्हणाली.

"ऐकलं."

मार्लिसनं समोरचा एक ट्रॅक्टर ओलांडला.

"दोन वर्षांपूर्वी," मार्लिस म्हणाली, "मला संघटनेची उपाध्यक्ष करणार होते. ऐन वेळी दुसरंच नाव आलं. तेव्हा तुला विचारलं होतं कोणी?"

"मार्लिस, नाही गं."

"नाही म्हणजे विचारलं नव्हतं, की विचारलं होतं आणि तू वाईट सांगितलं नव्हतंस?"

रेने थांबली. थांबली हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. "विचारलं होतं. चांगलंच सांगितलं होतं."

"शब्द काय वापरलेस?"

"आता आठवत नाहीत."

"अर्ध्या राज्याचं आठवतं तुला," मार्लिस म्हणाली. "आणि गेल्या उन्हाळ्यात माझे ते दोन लाइफगार्ड तुझ्याकडे उसने आले आणि तुझ्याकडेच राहिले. तुझा तलाव त्यांना आवडला म्हणालीस."

"आवडला होता त्यांना."

"असेल." मार्लिसची बोटं स्टिअरिंगवर एकेक करून उचलली जात होती आणि परत टेकत होती. "असेलही. आता प्रत्येक गोष्ट उलटी करून बघावी लागणार मला. हे तू केलंस माझं."

रेनेचा फोन वाजला. एल्म फोर्ड. तिनं मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस रस्त्याकडे बघत होती. रेनेनं फोन घेतला, आणि आवाज बाहेर ऐकू येईल असा केला. लपवून बोलायची इच्छाच उरली नव्हती.

बाईचा आवाज सावध होता. शेवटच्या फेरीत तीन नावं आहेत. त्यात रेनेचं आहे. पण खरं सांगायचं तर बैठकीत तुमच्यावरून बराच वाद झाला. आज दुपारी वेंडेलचा पुन्हा फोन आला, त्यानंतर तर जास्तच. नावं उद्या वर्तमानपत्रात जातील. काढून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा.

"राहू द्या."

"आणि संदर्भाचा जरा गोंधळ झालाय. ओल्टमन्सबाईंशी समितीला पुन्हा बोलायचंय, आता सगळ्यांसमोर. की त्यांच्याऐवजी दुसरं कोणाचं नाव देताय? तुम्हाला तसं सोयीचं जाईल, असं आम्हाला वाटलं."

सोयीचं होतं. अर्धं राज्य रेनेचं देणं लागत होतं. कोणीही चार चांगले शब्द बोललं असतं आणि न थांबता बोललं असतं.

"नको," रेने म्हणाली. "तेच ठेवा."

फोन बंद झाला.

"मला विचारलंस?" मार्लिस म्हणाली.

"नाही."

"त्यांचा फोन आला की मी आजचं सांगणार. बाकावरचं. शब्द न् शब्द."

"सांग."

"बाकीचंही सांगीन. ती दोन पोरं बुडाली तेव्हाचं. ते मी काढून घेत नाही. पण आजचं आधी सांगीन."

"बरं."

"नोकरी गेली तर माझ्या नावानं रडायचं नाही. लाइलनंसुद्धा नाही."

"नाही रडणार."

मार्लिसनं गाडीचा वेग जरासा वाढवला. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते रेने निरखत राहिली, ओठांचा कोपरा, भुवई, पुन्हा ओठांचा कोपरा. काही कळेना. मग आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं बघणं सोडलं आणि लाइलला फोन लावला.

"ऐक," ती म्हणाली, "उद्या माझं नाव पेपरात येणार आहे. प्रिबिलला आजच कळलंय. मिळेल का ते माहीत नाही. बहुतेक नाही. आता ते मार्लिसवर आहे." मग लाइल काहीतरी बोलला. ती म्हणाली, "हो, इथेच आहे. गाडी चालवतेय. नाही, आत्ता नाही बोलणार ती तुझ्याशी."

"दे इकडे," मार्लिस म्हणाली आणि हात पुढे केला.